गावाकडच्या कोर्टातून वाटपाचं समन्स आलं तर

राहायला ठाण्यात, नोकरी बंगळुरात किंवा संसार मेलबर्नला, आणि एक दिवस दारात बेलिफ उभा राहतो किंवा रजिस्टर पोस्टाने जाड पाकीट येतं. वर शिक्का राजापूरच्या, अंबाजोगाईच्या नाहीतर वाईच्या दिवाणी न्यायालयाचा. आत वादी म्हणून चुलतभावाचं नाव, आणि प्रतिवादींच्या यादीत अकराव्या-बाराव्या नंबरावर तुमचं. बरेच जण हे पाकीट कपाटात ठेवून देतात. 'आपल्याला त्या जमिनीतलं काही नकोच आहे', 'गावातले बघून घेतील', अशी स्वतःची समजूत घालतात.

इथेच नुकसान सुरू होतं. वाटपाच्या दाव्यात प्रतिवादी म्हणजे आरोपी नव्हे. या दाव्यात प्रत्येक पक्षकार एका अर्थी वादीच असतो. ज्याचा हिस्सा आहे त्याला तो प्रतिवादी राहूनही मागता येतो. आणि जो कोर्टात येतच नाही, त्याची वंशावळ, त्याच्या वडिलांनी केलेली वाटणी, त्याच्या आईने दिलेला अंगठा, हे सगळं दुसरे लोक आपल्या सोयीने सांगतात. खोडून काढायला कोणी नसतं.

खालची माहिती महाराष्ट्रातल्या तालुका-जिल्हा कोर्टांत चालणाऱ्या, हिंदू कुटुंबाच्या मिळकतीच्या दाव्यांना धरून आहे.

पाकीट आल्याचा पहिला दिवस

समन्स घ्यायचं टाळू नका. नाकारलं तर 'घेण्यास नकार' असा शेरा पडतो आणि कायद्याने ते बजावलं गेलं असं धरलं जातं. तुम्ही घरी नसाल तर घरातल्या सज्ञान माणसाकडे देता येतं. घरकाम करणाऱ्या बाईंकडे दिलेलं मात्र चालत नाही, कारण नोकर कुटुंबीय धरला जात नाही. कोणीच घेत नसेल तर बेलिफ दाराला चिकटवून जातो, आणि तेही जमलं नाही तर वादी कोर्टाची परवानगी काढून वर्तमानपत्रात जाहीर समन्स देतो. ते रत्नागिरीच्या अंकात छापून आलं आणि तुम्ही नागपुरात असलात, तर कळणारही नाही. दारात आलेला कागद घेणंच शहाणपणाचं.

बेलिफाजवळ समन्सच्या दोन प्रती असतात. एक तुम्हाला मिळते, दुसरीवर तो तुमची सही घेतो. त्या सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहा. समन्ससोबत वादपत्राची, म्हणजे वादीने कोर्टात दिलेल्या लेखी दाव्याची, नक्कल असायला हवी. नसेल तर तिथेच 'वादपत्राची नक्कल मिळाली नाही' असं लिहून मग सही करा. पोस्टाने आलं असेल तर पाकीट फेकू नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का पुढे मुदत मोजताना पुरावा ठरतो. सगळी पानं मोबाइलवर स्कॅन करून ठेवा, मागची बाजूही.

मग कागद नीट वाचा. कोर्टाचं पूर्ण नाव बघा: एकाच इमारतीत 'दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर', 'कनिष्ठ स्तर' आणि त्यांचे 'सह दिवाणी न्यायाधीश' अशी चार-पाच कोर्टं असू शकतात. दाव्याचा नंबर बघा: 'रे.मु.नं.' म्हणजे नियमित दिवाणी दावा, 'स्पे.मु.नं.' म्हणजे विशेष दिवाणी दावा, जो वरिष्ठ स्तर कोर्टात चालतो. हजर राहण्याची तारीख बघा. आणि पाकिटात 'नि. ५' असा अर्ज किंवा 'कारणे दाखवा' नोटीस आहे का, ते मुद्दाम शोधा. आपल्याकडच्या कोर्टांत निशाणी १ म्हणजे वादपत्र आणि निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज, असा रिवाजच आहे. वकील मंडळी नुसतं 'एक्झिबिट फाइव्ह' म्हणतात. तो अर्ज पाकिटात असेल तर तुमच्याकडे वेळ फार कमी आहे.

हाती आलेला कागद दाव्याचाच आहे ना, याचीही खात्री करा. वारस दाखल्याच्या अर्जाची नोटीस, तहसीलदाराकडच्या वाटपाची नोटीस किंवा फेरफाराची नोटीस, हे सगळे वेगळे प्रकार आहेत. फेरफाराच्या नोटिशीवर तर तलाठ्याकडे हरकत द्यायला १५ दिवसच असतात. तिथे कोर्टाच्या मुदती लावत बसलात तर नोंद मंजूर होऊन जाते.

शेवटी ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा ॲपवर दावा शोधा. जिल्हा, कोर्ट, दाव्याचा प्रकार, नंबर आणि वर्ष टाकलं की सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो. महाराष्ट्रातला 'एमएच'ने सुरू होतो. तो लिहून ठेवा. पुढची तारीख, कोण कोण हजर झालं, काय आदेश झाले, हे सगळं त्यावरून घरबसल्या दिसतं.

दिवस कसे मोजायचे

लेखी कैफियत, म्हणजे वादपत्राला तुमचं उत्तर, द्यायला समन्स मिळाल्यापासून ३० दिवस असतात. कारण दाखवून कोर्ट ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. समन्स मिळालेला दिवस धरायचा नाही. ३ जूनला समन्स घेतलं तर ३० दिवस ३ जुलैला संपतात आणि ९० दिवस १ सप्टेंबरला. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर कोर्ट उघडेल तो दिवस चालतो.

समन्सवरची हजर राहण्याची तारीख आणि कैफियतीची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समन्सवर १२ ऑगस्ट असेल म्हणून १२ ऑगस्टपर्यंत निवांत बसलात, तर तिथे पोचेपर्यंत ३० दिवस उलटून गेलेले असतात.

९० दिवसांनंतरही कैफियत घेतली गेल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. व्यापारी दावे सोडून इतर दाव्यांत ही मुदत अगदी ताठर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच म्हटलं आहे. पण त्यासाठी खरं, पटणारं कारण लागतं, शपथपत्र लागतं आणि बहुधा खर्चही भरावा लागतो. तोवर 'विना कैफियत' आदेश झालेला असतो आणि तो रद्द करून घ्यायला वेगळा अर्ज करावा लागतो. 'अमेरिकेत होतो' हे दरवेळी पुरेसं कारण ठरत नाही.

'कोर्ट लांब आहे' हा बचाव नाही

जमीन-घराच्या वाटपाचा दावा मिळकत जिथे आहे तिथल्या कोर्टातच चालतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १६ तसं सांगतं. मिळकती दोन तालुक्यांत असतील तर त्यांपैकी कुठल्याही एका कोर्टात दावा लावता येतो. त्यामुळे 'दावा पुण्याला आणा' असा अर्ज करण्यात पैसे घालवू नका. वर्ग करण्याचे अर्ज असतात, पण जमीन, तलाठी, साक्षीदार सगळे तिकडे असताना फक्त तुमच्या गैरसोयीसाठी दावा हलत नाही.

दिलासा दुसरीकडे आहे. दर तारखेला तुम्ही स्वतः जाण्याची गरज नसते, वकील हजर असला की पुरतं. संहितेत तर असंही आहे की पक्षकार कोर्टाच्या हद्दीबाहेर आणि ५० मैलांहून लांब राहत असेल, तर त्याला जातीने हजर राहण्याचा हुकूम देता येत नाही; पाच-षष्ठांश वाटेवर रेल्वे, आगबोट किंवा नियमित सार्वजनिक वाहन असेल तर हे अंतर २०० मैल धरतात. आगबोटीच्या काळातला हा नियम आजही लागू आहे. सगळ्या दाव्यात तुम्हाला तिकडे जावं लागेल ते मुख्यतः एकदा, साक्षीला. आणि तडजोड झाली तर सहीला.

वकील आणि वकीलपत्र

पहिल्या तारखेपर्यंत वकील ठरला नाही तर स्वतः जा आणि मुदतीचा अर्ज द्या. सकाळी अकराच्या आधी कोर्टात पोचा, बाहेर लावलेल्या बोर्डावर आपला दावा शोधा, पुकारा झाला की आत जाऊन 'प्रतिवादी नंबर अकरा हजर' असं सांगा. एका पानाचा अर्ज पुरतो: समन्स अमुक तारखेला मिळालं, वकील नेमण्यासाठी आणि कैफियत देण्यासाठी मुदत मिळावी. कोर्टाला पोस्टाने पत्र पाठवून मात्र विसंबू नका. ते फाइलला लागलं तरी पुकाऱ्याच्या वेळी तुमच्या बाजूने बोलायला कोणी नसतं.

वकील शक्यतो त्याच तालुक्याचा घ्या. मुंबईच्या वकिलाला दर तारखेला पाठवणं परवडत नाही, आणि तो न आल्याने 'प्रतिवादी गैरहजर' असा शेरा पडतो तो तुमच्या नावावर. निवडताना तीन गोष्टी विचारा: ते प्रामुख्याने दिवाणी कामं करतात का, या दाव्यात आधीच दुसऱ्या कोणाचं वकीलपत्र घेतलं आहे का, आणि फी टप्प्यांनुसार कशी. कैफियत, साक्षीपुरावा आणि युक्तिवाद यांची रक्कम वेगवेगळी ठरवून घ्या. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. तिचं कार्यालय बहुधा कोर्टाच्या आवारातच असतं. लग्न होऊन लांब गेलेल्या किती बहिणींना हे ठाऊकच नसतं, आणि अशा कितीतरी बहिणी 'एकतर्फी' होतात, म्हणजे त्यांच्या गैरहजेरीतच दावा पुढे चालतो.

आता एक अगदी नेहमीचा प्रसंग. गावातला चुलतभाऊ, जो स्वतःही प्रतिवादी आहे, फोन करतो: 'दादा, आपल्या सगळ्यांचा एकच वकील लावू. वकीलपत्र पाठवतो, फक्त सही करून पाठव.' येणारा कागद छापील असतो. वर कोर्टाचं नाव आणि दाव्याचा नंबर रिकामा, मधे बारीक टाइपात एक लांबच लांब परिच्छेद, खाली सहीची जागा. त्या बारीक टाइपात वकिलाला तडजोड करण्याचा, रक्कम स्वीकारण्याचा, दावा काढून घेण्याचा आणि कबुली देण्याचा अधिकार दिलेला असतो. सही करण्याआधी दाव्याचा नंबर, आपला प्रतिवादी क्रमांक आणि तारीख स्वतः भरा. तडजोडीचे शब्द नको असतील तर खोडा आणि खोडलेल्या जागी सही करा. कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या शपथपत्रावर, कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका, मागणारा सख्खा भाऊ असला तरीही.

एकच वकील लावणं नेहमीच चूक नाही. तुमचं आणि त्याचं म्हणणं शेवटपर्यंत एकच असेल तर खर्च वाचतो. पण जमीन कसणारा तो आणि शहरात राहणारे तुम्ही, अशी स्थिती असेल तर हित एक नसतं. 'पूर्वीच तोंडी वाटप झालं' हा त्याचा बचाव यशस्वी झाला तर तुमचा हिस्साही त्याच बचावात बुडतो. अशा वेळी वकील वेगळाच हवा.

परदेशात असाल तर भारतातल्या विश्वासू माणसाला मुखत्यारपत्र द्या. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करा, किंवा तिथल्या नोटरीसमोर करून ॲपोस्टिल, म्हणजे तिथल्या सरकारचं परदेशी वापरासाठीचं प्रमाणपत्र, घ्या. मूळ कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. ही गोष्ट हमखास राहून जाते आणि साक्षीच्या वेळी समोरचा वकील नेमकं त्यावर बोट ठेवतो. मुखत्यारपत्र विशिष्ट असू द्या: हा दावा, हा नंबर, एवढीच कामं. विक्रीचा अधिकार त्यात घालू नका. मुखत्याराच्या मर्यादाही ओळखा. तो सही करू शकतो, अर्ज देऊ शकतो, पण जे फक्त तुम्हाला ठाऊक आहे त्याबद्दल तुमच्या जागी साक्ष देऊ शकत नाही.

निशाणी ५ला 'से'

नि. ५ वर वादी सहसा मागतो की प्रतिवादींनी जमीन विकू नये, गहाण ठेवू नये, बांधकाम करू नये. लांब राहणाऱ्या हिस्सेदाराला ही मनाई बहुतेक वेळा फायद्याची असते. जमीन विकण्याची ताकद गावात असलेल्याकडे असते, तुमच्याकडे नसते. म्हणून 'से', म्हणजे त्या अर्जावरचं तुमचं लेखी म्हणणं, देताना डोळे झाकून 'अर्ज नामंजूर करावा' लिहायला देऊ नका. तुमचा विक्रीचा इरादा नसेल तर 'कोणत्याच पक्षकाराने मिळकत हस्तांतरित करू नये, सर्वांनी जैसे थे स्थिती ठेवावी, यास हरकत नाही' असं म्हणणं द्या. तुम्ही स्वतः त्या घरात राहत असाल किंवा आंब्याची बाग करार करून दिली असेल, तर मात्र ती वहिवाट चालू ठेवण्याची मुभा स्पष्ट मागा.

एकतर्फी मनाई आधीच झाली असेल तर ती पाळा. मोडली तर मिळकत जप्त होण्यापासून तीन महिन्यांपर्यंतच्या दिवाणी कैदेपर्यंत परिणाम आहेत.

कागद गोळा करणं

हे काम वकिलावर सोडू नका. तुमच्या कुटुंबाचे कागद कुठे असतील ते तुम्हालाच ठाऊक. वादपत्राच्या 'मिळकतीचे वर्णन' परिच्छेदात जेवढे गट नंबर आहेत त्या प्रत्येकाचा आजचा डिजिटल सातबारा आणि ८अ काढा. महाभूमीच्या साइटवर तो घरबसल्या मिळतो. गावठाणातल्या घरासाठी मालमत्ता पत्रक, तिथे सिटी सर्व्हे नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८. मग सातबाऱ्यावर गोलात दिलेले फेरफार नंबर एकेक करून मागे मागे उलगडत जा. खरा इतिहास फेरफारात असतो. आजोबा कधी वारले, वारस म्हणून कोणाची नावं लागली, कोणाची गळली, बहिणींनी खरंच जबाब दिला की तलाठ्याने 'हक्क सोडला' असं परस्पर लिहिलं, ते तिथेच कळतं.

सातबाऱ्यावर नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरं दिसली तर ती नोंद जपा. एकत्र कुटुंब मॅनेजर, असा तिचा अर्थ. जमीन एकट्या काकांच्या नावावर दिसते, पण ती त्यांनी कुटुंबाच्या वतीने धरली आहे, हे सांगणारा तो सरकारी कागद आहे. नंतरच्या एखाद्या फेरफारात ही अक्षरं गुपचूप गळलेली असतात. अक्षरं असलेला जुना सातबारा आणि ती गळली तो फेरफार, दोन्हीच्या सही-शिक्क्याच्या नकला घ्या.

नोंदणी कार्यालयात सूची २ शोधा: विक्री, बक्षीस, हक्कसोड, वाटणीपत्र. हक्कसोडपत्र नोंदलेलं नसेल तर त्याने जमिनीवरचा हक्क जात नाही. आणि नुसत्या फेरफाराने कोणी मालक होत नाही, कोणाची मालकी जातही नाही.

कैफियत: परिच्छेदाला परिच्छेद

कैफियतीचा साधा नियम असा की जे स्पष्टपणे नाकारलं नाही ते कबूल धरलं जातं. 'वादपत्रातील संपूर्ण मजकूर खोटा आहे' एवढ्याने भागत नाही. वादपत्राचा प्रत्येक परिच्छेद घेऊन त्यातलं काय मान्य, काय अमान्य आणि काय माहीत नसल्यामुळे अमान्य, हे वेगवेगळं सांगावं लागतं. वकिलाला देण्यासाठी स्वतः तीन रकान्यांचा तक्ता करा: परिच्छेद नंबर, तुमचं म्हणणं, कोणता कागद. या एका तक्त्याने कैफियतीचा दर्जा पार बदलतो.

सर्वांत आधी वंशावळ तपासा. समजा आजोबांची स्वतःची जमीन होती, ते १९७० साली मृत्युपत्र न करता वारले, आजी आधीच गेली होती आणि मागे दोन मुलगे, दोन मुली. प्रत्येकाचा पाव हिस्सा. वादपत्रात एक आत्या गाळली असेल तर तुमच्या शाखेला पावाऐवजी तिसरा हिस्सा दिसतो आणि गप्प बसण्याचा मोह होतो. बसू नका. आवश्यक पक्षकार नसलेला हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, दहा वर्षांनी आत्याच्या नातवाने उलटवला, तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. माणूस कधी वारला ही तारीखही काटेकोर लिहा. १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला. मृत्यू त्याआधीचा की नंतरचा, यावर वारसच बदलतात.

मुलींच्या बाबतीत आणखी दोन तारखा लागतात. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. अपवाद २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या वाटपाचा आणि हस्तांतराचा. ते वाटप नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं हवं. 'आमचं तोंडी वाटप १९९०ला झालंय' हे नुसतं म्हणून पुरत नाही; त्या वाटपाला धरून त्या काळातच सरकारी दप्तरात नोंदी झालेल्या दाखवाव्या लागतात.

मग मिळकतींची यादी. वाटप सगळ्या एकत्र मिळकतीचं मागावं लागतं. वादीने स्वतःच्या ताब्यातला रस्त्याकडेचा गट गाळून फक्त तुमच्या वडिलांच्या नावावरच्या जमिनी घातल्या असतील, तर गाळलेला प्रत्येक गट नंबर कैफियतीत मांडा. उलट, तुमच्या वडिलांनी नोकरीच्या पैशाने घेतलेला प्लॉट एकत्र मिळकतीत घातला असेल तर खरेदीखत, पगाराचा पुरावा आणि कर्जाचे हप्ते जोडून तो स्वकष्टार्जित असल्याचं सांगा.

आणि शेवटच्या परिच्छेदात विनंती. इथे बहुतेक कैफियती नुसतं 'दावा खर्चासह रद्द व्हावा' लिहून थांबतात. तुम्हाला हिस्सा हवा असेल तर तो तिथेच मागा: 'या प्रतिवादीचा १/८ हिस्सा सरस-निरस मानाने (म्हणजे जमिनीची चांगली-वाईट प्रत बघून) वेगळा करून प्रत्यक्ष कब्जा द्यावा', आणि त्यावरचं कोर्ट फी मुद्रांक भरा. मागितला नाही तर वादीचा हिस्सा वेगळा होतो आणि तुमचा उरलेल्या गठ्ठ्यात, ज्यांच्याकडून काढून घ्यायचा त्यांच्याच ताब्यात राहतो.

कैफियतीखाली सत्यापन, सोबत शपथपत्र, कागदांची यादी आणि नोंदणीकृत पत्त्याचा मेमो लागतो. शपथपत्र तुम्ही राहता तिथल्या नोटरीसमोर करता येतं, परदेशात वकिलातीत. पत्त्याच्या मेमोत जिथे टपाल खरोखर मिळतं तोच पत्ता द्या. पुढच्या नोटिसा त्यावर येतात, आणि गावच्या बंद घराचा पत्ता दिलात तर त्या तिथेच पडून राहतात.

दुसऱ्या प्रतिवादीची कैफियत तुम्हाला शब्दशः मान्य असेल तर 'प्रतिवादी क्र. ४ ची कैफियत हीच आमची' अशी पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन, देता येते. ती आधी पूर्ण वाचा, आणि तुमच्या हिश्श्याची विनंती त्यात आहे का बघा.

एकतर्फी झालं असेल तर

उशिरा कळलं आणि 'प्रतिवादी क्र. ११ विरुद्ध एकतर्फी' असा आदेश झाला असेल, पण निकाल लागायचा असेल, तर काम सोपं आहे. गैरहजेरीचं कारण देऊन तो आदेश रद्द करण्याचा अर्ज करा, सोबत तयार कैफियत जोडा. अर्ज फेटाळला तरी आहे त्या टप्प्यापासून कामात भाग घेता येतो, उलटतपास घेता येतो.

निकाल होऊन गेला असेल तर मुदत ३० दिवसांची: हुकूमनाम्यापासून, आणि समन्स रीतसर बजावलंच गेलं नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून. कधी आणि कसं कळलं, हे पुराव्यासह सांगा: तलाठ्याची नोटीस, मोजणीचा कागद, नक्कल मिळाल्याची तारीख. आणि बेलिफाचा अहवाल रेकॉर्डमधून काढून वाचाच. त्यात कोणत्या पत्त्यावर, कोणाला, कोणत्या तारखेला समन्स दिलं ते लिहिलेलं असतं. वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या गावच्या घरावर ते चिकटवलं असेल, तर तुमचा सगळा अर्ज त्या एका कागदावर उभा राहतो. मात्र दाव्याची माहिती आणि हजर राहायला पुरेसा वेळ तुम्हाला होता असं दिसलं, तर बजावणीतली बारीक चूक कामी येत नाही.

समन्सवर नाव असलेले वडील आधीच वारले असतील तर मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते वकिलामार्फत कोर्टाला द्या. 'ते नाहीत' असं म्हणून पाकीट परत पाठवू नका.

मधली वर्षं

असे दावे वर्षानुवर्षं चालतात. महिन्यातून एकदा सीएनआर टाकून तारीख बघा, आणि दोन-तीन महिन्यांनी वकिलाकडून रोजनाम्याची नक्कल मागवा. रोजनाम्यात त्या त्या दिवशी खरं काय घडलं ते असतं. 'मुद्दे काढले' असं दिसलं की साक्षीची तयारी सुरू करा. तुमची सरतपासणी, म्हणजे तुमची स्वतःची साक्ष, शपथपत्रावर होते; उलटतपासाला जावं लागतं. प्रकृती किंवा अंतर आड येत असेल तर व्हिडिओवर साक्ष किंवा कोर्ट कमिशनर नेमून साक्ष, यासाठी वेळेत अर्ज करा, साक्षीच्या आदल्या दिवशी नव्हे.

दरम्यान कोणी जमीन विकेल अशी शंका असेल तर दाव्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवा. महाराष्ट्रात याविषयीच्या कायद्याच्या कलमाला राज्याची वेगळी दुरुस्ती आहे, त्यामुळे नोंदणीला महत्त्व आहे.

तडजोड झाली तर उत्तमच. भाऊबंदकी मिटलेली केव्हाही बरी. पण तडजोडीच्या मसुद्यात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, वाट, विहिरीतलं पाणी, झाडं आणि देवघराचा हक्क हे सगळं लिहिलेलं हवं. 'उभयपक्षी ठरल्याप्रमाणे' हे शब्द दिसले तर सही करू नका.

गोव्यातल्या मिळकतीचं समन्स असेल तर ते बहुधा इन्व्हेंटरी प्रोसीडिंगचं असतं. तिथे २०१२चा वेगळा उत्तराधिकार कायदा आहे. कुटुंबप्रमुख म्हणून नेमलेला माणूस मिळकतींची यादी देतो, वारसांबरोबर त्यांचे नवरे-बायकाही पक्षकार असतात, आणि एखादी मिळकत वारसांमध्येच बोली लावून एकाकडे जाते. यादीला हरकत आणि बोलीचा दिवस, हे दोन टप्पे चुकवले की घर दुसऱ्याच्या नावावर आणि तुमच्या हाती फक्त रक्कम. गोव्याचाच वकील घ्या.

निकालानंतरही काम संपत नाही

वाटपाच्या दाव्यात पहिला निकाल हा प्राथमिक हुकूमनामा असतो: कोणाचा किती हिस्सा, एवढंच. त्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस. नंतर घरांसाठी कोर्ट कमिशनर नेमला जातो, आणि शेतसाऱ्याच्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. तिथून तहसीलदार, भूमी अभिलेख, मोजणी, वाटप तक्ता. हिस्सा फारच छोटा असेल तर तुकडेबंदीमुळे जमिनीऐवजी मोबदला मिळू शकतो, हे आधीच लक्षात घ्या.

लांब राहणारे लोक नेमके इथे ढिले पडतात. मोजणीची नोटीस आली की स्वतः जा किंवा गट ओळखणारा माणूस पाठवा, जुना नकाशा बरोबर द्या. सरस-निरस ठरतं ते बांधावर उभं राहून: कोणाला वाटेकडची पट्टी, कोणाला विहिरीजवळची, कोणाला कातळ. तक्त्याची प्रत त्याच आठवड्यात मागवा, तुमच्या वाट्याला आलेला तुकडा नकाशावर रंगवून पाहा, आणि त्याला वाट नसेल तर कब्जेपावतीवर सही करण्याआधी लेखी हरकत द्या.